कल्हई गेली, तांब्या परत आला



मागच्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना घेऊन बोर धरणावर गेलो होतो. सेलूहून रस्ता फार लांबचा नाही. मुलांच्या पिशव्यांतून तांब्याच्या चकचकीत बाटल्या डोकावत होत्या. हल्ली ती रीतच झाली आहे. एकाने आपल्या बाटलीत घरून लिंबाचे सरबत भरून आणले होते. सकाळी सहाला भरलेले सरबत दुपारी एकच्या सुमारास चौघांनी वाटून घेतले. चव जरा विचित्र लागली, जिभेवर नाणे ठेवल्यासारखी, तरी कुणी टाकून दिले नाही. तासाभरात चौघांनाही मळमळू लागले आणि दोघांना ओकाऱ्या झाल्या. सुदैवाने संध्याकाळपर्यंत सगळे ठीक झाले आणि जेवलेही.

परतीच्या वाटेवर सरबत आणणारा मुलगा हिरमुसून म्हणाला, "सर, तांब्यातलं पाणी तर चांगलं असते ना? मग सरबतानं काय बिघडलं?" मी उत्तर देण्यापूर्वीच मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण सर, तांबं तर हायड्रोजनच्या खाली असते. सौम्य आम्लाशी त्याची क्रियाच होत नाही असं पुस्तकात आहे."

दोन्ही प्रश्न उत्तम होते. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण ते दिल्याशिवाय पहिला सुटत नाही.

धातूंच्या क्रियाशीलतेच्या श्रेणीत तांबे हायड्रोजनच्या खाली आहे, हे खरे. म्हणून सौम्य आम्लात जस्ताचा तुकडा टाकला तर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, तांब्याचा टाकला तर येत नाहीत. पुस्तकातले वाक्य इथवर बरोबर आहे. मात्र पुस्तकातल्या परीक्षानळीत जे गृहीत धरलेले नसते ते बाटलीत असते, आणि ते म्हणजे हवा. हवेतला ऑक्सिजन पाण्यात विरघळतो. हायड्रोजनला तांब्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेता येत नाहीत, ऑक्सिजनला येतात. आकड्यांत सांगायचे तर तांब्याचा प्रमाण विद्युतविभव अधिक ०.३४ व्होल्ट आणि आम्लधर्मी पाण्यातील ऑक्सिजनचा अधिक १.२३ व्होल्ट. म्हणजे ऑक्सिजनची ओढ कितीतरी जास्त. ऑक्सिजन तांब्याचे ऑक्साइड करतो आणि आम्ल ते ऑक्साइड विरघळवते. बुडबुडा दिसत नाही, आवाज होत नाही, पण तांबे पाण्यात उतरत राहते. लिंबातले सायट्रिक आम्ल त्या तांब्याच्या आयनांना कवटाळून द्रावणातच धरून ठेवते, त्यामुळे काम आणखी सोपे होते. सात तासांत काय झाले असेल ते आता तुम्हीच ताडू शकता. आम्ही त्या सरबतातले तांबे मोजले नाही. परंतु चव आणि ओकाऱ्या पाहता मला फारशी शंका नाही. पूर्वी ओकारी करविण्यासाठी डॉक्टर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, देत असत. ते घातक ठरते म्हणून पुढे ही पद्धत सोडून दिली गेली.

आता पहिला प्रश्न. माझ्या आजीला क्रियाशीलतेची श्रेणी ठाऊक नव्हती, पण तिच्यापाशी एक क्रियापद होते: कळकणे. आमच्या घरी पितळेचा एक मोठा गंज होता. (आमच्या विदर्भात गंज म्हणजे भांडे; पुण्याकडच्या वाचकांनी लोखंडाचा गंज समजू नये.) "त्यातली कल्हई गेली आहे, ताक टाकू नको, कळकते," असे ती आईला बजावायची. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ राहिला, त्याचा रंग हिरवट झाला आणि चव बिघडली की तो कळकला. नासणे वेगळे, आंबणे वेगळे आणि कळकणे वेगळे. नासणे, आंबणे हे जिवाणूंचे काम, तर कळकणे हे धातूचे. एवढा बारीक भेद करणारा शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या स्वयंपाकघरांनी हा प्रयोग किती वेळा केला असेल याचा विचार करा.

रसशास्त्रातही हाच प्रयोग सापडतो. वैद्य तांब्याचे भस्म करतात. धातूचे शोधन करायचे, मग पुन्हा पुन्हा पुटे देऊन त्याचे मारण करायचे, अशी ती धातुविद्येचीच प्रक्रिया आहे. भस्म नीट झाले की नाही हे पाहण्यासाठी ते आंबट दह्यात टाकून ठेवतात. दह्याला निळसर-हिरवट रंग आला तर भस्म कच्चे. आजीचे ताक आणि वैद्याचे दही एकाच रसायनाची ग्वाही देतात. तांब्याचे औषध कुणी घ्यावे की नाही हा वेगळा विषय आहे आणि तो डॉक्टरांचा आहे. माझा मुद्दा एवढाच की, तांबे आंबटात उतरते आणि उतरलेले तांबे बरे नव्हे, हे आपल्याकडे पूर्वीपासून माहीत होते.

या कळकण्यावरचा उपाय म्हणजे कल्हई. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली नसेल. मी लहान असताना, म्हणजे १९८० च्या दशकात, वर्षातून एक-दोनदा कल्हईवाला गल्लीत येऊन बसे. जमिनीत लहानसा खड्डा करून तो त्यात कोळसे पेटवी आणि खड्ड्याला भात्याची नळी जोडी. भांडे आतून घासून स्वच्छ करून निखाऱ्यावर फिरवी. ते पुरेसे तापले की चिमूटभर नवसागर टाकी. भसकन पांढरा धूर येई आणि आम्ही पोरे नाके दाबून मागे सरत असू. लगेच तो कथलाची कांडी भांड्याला टेकवी. ती लोण्यासारखी वितळे आणि कापसाच्या बोळ्याने दोन-चार फेऱ्यांत सारे भांडे आतून चांदीसारखे होई. मग भांडे पाण्यात बुडताना चर्र आवाज होई.

भौतिकशास्त्राचा शिक्षक झाल्यावर या दोन मिनिटांच्या खेळात किती विज्ञान आहे ते मला कळले. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. म्हणून निखाऱ्यावर कथील वितळते आणि भांडे शाबूत राहते. पण वितळलेले कथील तापलेल्या तांब्यावर नुसते ओतले तर ते पसरत नाही, अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे त्याचे गोळे होतात, कारण तापलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा थर असतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू सुटतात. हायड्रोजन क्लोराइड ऑक्साइडचा थर खाऊन टाकतो आणि उघड्या, स्वच्छ तांब्यावर कथील ओलावून पसरते. सुटलेले वायू वर थंड हवेत पुन्हा एकत्र येऊन नवसागराचे बारीक कण होतात. तोच आमचा पांढरा धूर. आणि कल्हई हा रंगासारखा वरून दिलेला हात नव्हे. दोन्ही धातू जिथे भेटतात तिथे सहा अणू तांब्याचे आणि पाच अणू कथलाचे अशा प्रमाणातले संयुग तयार होते. म्हणून कल्हईचे पोपडे निघत नाहीत; ती झिजते. झिजली की पुन्हा लावायची. कथील क्रियाशीलतेच्या श्रेणीत तांब्याच्या वर असल्यामुळे कल्हईला एखादी रेघ पडली तरी आंबट पदार्थाशी आधी कथीलच झुंजते. असे उतरलेले थोडे कथील आतड्यातून फारसे शोषले जात नाही. अट एकच, कथील शुद्ध हवे. स्वस्तात काम उरकण्यासाठी त्यात शिसे मिसळण्याची लबाडी चालत असे, आणि शिसे तर तांब्याहून कितीतरी वाईट.

म्हणजे जुन्या घरांत तांब्या-पितळेचे भांडे एकटे नसायचे. भांड्यासोबत एक शब्द होता, एक कारागीर होता आणि काही अटी होत्या. पाणी कल्हई नसलेल्या तांब्यात चालेल. भाजी, आमटी, ताक कल्हई असेल तरच. आज दुकानांतून जे परत आले आहे ते नुसते भांडे आहे, अटी मागेच राहिल्या आहेत. माझी तक्रार तांब्याबद्दल नाही, या अर्धवट पुनरागमनाबद्दल आहे.

तक्रार करण्यापूर्वी तांब्याची बाजूही नीट मांडली पाहिजे. तांबे सूक्ष्मजीवांना मारते ही भाकडकथा नव्हे. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली याने पाण्यात अगदी लेशमात्र तांबे असले तरी स्पायरोगायरा हे शेवाळ मरते हे दाखविले. त्याचे हे काम त्याच्या मृत्यूनंतर १८९३ साली प्रसिद्ध झाले. आपल्या भागातल्या संत्र्याच्या बागांत झाडांच्या खोडांना जो निळसर लेप दिलेला असतो तोही तांब्याचाच: मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण, बुरशीचा शत्रू. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अतिसाराचे जंतू मुद्दाम मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले, आणि नंतर त्यात जिवंत जंतू आढळले नाहीत. पाण्यात तांबे किती उतरले होते? लिटरला सुमारे ०.१८ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे, म्हणजे हे तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. (आपल्या भारतीय मानकात इष्ट मर्यादा याहून बरीच कडक, ०.०५ मिलिग्रॅम आहे. दुसरा पाणीसाठा नसेल तर १.५ पर्यंत चालते.) तेव्हा रात्री तांब्याच्या तांब्यात पाणी भरावे आणि सकाळी प्यावे, यात मोठ्या माणसाला भिण्यासारखे काही नाही. मात्र त्याने मधुमेह जातो, वजन उतरते वगैरे जे छापलेले असते, त्यावर विश्वास ठेवण्याजोगा पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

शरीराला तांबे लागतेच. मोठ्या माणसाला दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम, आणि तेवढे डाळी, तीळ, शेंगदाणे, धान्ये यांतून सहसा मिळून जाते. पेशींना ऑक्सिजन वापरता यावा म्हणून लागणाऱ्या एका महत्त्वाच्या विकरात तांबे असते, आणि केस-कातडीला काळा रंग देणाऱ्या विकरातही असते. जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. ही वाट ज्यांच्यात जन्मतः सदोष असते त्यांना विल्सनचा विकार होतो. १९१२ साली डॉक्टर विल्सन यांनी त्याचे वर्णन केले. तान्ह्या बाळात मात्र विकार नसतानाही ही वाट पुरती मोकळी झालेली नसते. हे लक्षात ठेवा, कारण आता जे सांगायचे आहे ते बाळांविषयी आहे.

आपल्या देशात लहान मुलांच्या यकृताचा एक आजार होता. डॉक्टर त्याला 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' म्हणत. सहा महिने ते तीन-चार वर्षांची मुले. पोट फुगायचे, यकृत दगडासारखे कठीण व्हायचे, मूल किरकिरे होऊन झिजत जायचे, कावीळ व्हायची आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत सारे संपायचे. एकाच घरात एकामागून एक दोन-तीन मुलेही जायची. कारण कळत नव्हते. कुपोषण म्हणावे तर हा आजार अन्नान्न दशेतल्या घरांपेक्षा खेड्यांतल्या खाऊन-पिऊन बऱ्या घरांत अधिक दिसे.

या कोड्याची उकल मुख्यतः आपल्या महाराष्ट्रात झाली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृतांची तपासणी केली. निरोगी मोठ्या माणसाच्या यकृताच्या सुकविलेल्या एका ग्रॅममध्ये तांबे साधारणपणे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांत ते कित्येकदा हजाराच्या पुढे होते. १९७९ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. मग प्रश्न उरला की एवढे तांबे आले कुठून. त्यासाठी डॉक्टर प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात शिरले. बाळाला काय पाजता, केव्हापासून पाजता, दूध कशात तापवता, कशात ठेवता? उत्तर १९८३ साली प्रसिद्ध झाले. या मुलांना फार लवकर वरचे, गाई-म्हशीचे दूध सुरू झालेले होते, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत तापवले व साठवले जात होते. पितळेतही निम्म्याहून अधिक तांबेच असते. पुढे १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दुधातले केसीन हे प्रथिन भांड्यातले तांबे कसे धरून ठेवते तेही दिसून आले.

या घरांत कळकणे हा शब्द नव्हता असे थोडेच आहे? आजीच्या शास्त्राचे गोडवे गाणाऱ्यांनी इथे जरा थांबायला हवे. माझा तर्क असा की, कळकण्याची परीक्षा जिभेची आणि डोळ्यांची होती. आंबट पदार्थात ती लागू पडे, दुधात नाही. दूध आंबट नसते, हिरवे पडत नाही, म्हणून ते निर्धोक मानले गेले. ताकासाठी कल्हईचा आग्रह धरणारे घर बाळाचे दूध निःशंकपणे पितळेत तापवत राहिले. जिथे जीभ पुरत नाही तिथे मोजमाप लागते, आणि ते करायला रुग्णालय लागले.

आणि 'आमच्या पणजोबांपासून सगळे पितळेतच जेवले, कुणाला काय झाले?' हा नेहमीचा सवाल. बहुतेकांना काही झाले नाही, हे खरेच आहे. त्याच पितळेतले दूध प्यालेली असंख्य मुले सुखरूप वाढली. बळी पडलेल्या मुलांत तांबे सहन न होण्याची काही आनुवंशिक प्रवृत्ती असावी. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात अशाच आजाराने दगावलेल्या १३८ बालकांची नोंद १९९६ साली प्रसिद्ध झाली. तिथेही गाईचे दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवले जाई, तिथेही आजार ठरावीक घराण्यांत होता, आणि भांडी बदलल्यावर तो नाहीसा झाला. घराण्याची प्रवृत्ती बदलता आली नाही, भांडे बदलता आले. पुणे भागातही आया-बायांना अंगावरचे दूध द्या, वरचे दूध पितळेत ठेवू नका, असे सांगितले गेले आणि आजार ओसरला. स्टील आणि ॲल्युमिनियमची भांडी घरोघर आली त्याचाही हातभार लागला. आजच्या तरुण डॉक्टरांपैकी अनेकांनी असे मूल कधी पाहिलेलेही नसेल.

म्हणूनच मला काळजी वाटते. स्टीलला आणि ॲल्युमिनियमला नावे ठेवत पितळेची पातेली पुन्हा विकली जात आहेत. भंडाऱ्याच्या कारागिरांना काम मिळते याचा मला आनंदच आहे; त्या भांड्यांची घडण पाहत राहावी अशी असते. पण विकत घेणाऱ्याला कल्हई केव्हा लावायची हे कोण सांगणार, आणि लावणारा कुठे मिळणार? सेलूत मी गेल्या कित्येक वर्षांत कल्हईवाला पाहिलेला नाही. नातवंडाच्या बारशाला तांब्याची वाटी-चमचा भेट देणारे हौशी आजी-आजोबा मी पाहिले आहेत. त्यांना त्या वाटीचा इतिहास कुणी सांगितलेला नाही. माझे मत स्पष्ट आहे: तांब्या-पितळेच्या प्रत्येक नव्या भांड्यावर 'यात आंबट पदार्थ व दूध ठेवू नये' एवढी ओळ कोरणे सक्तीचे करावे. औषधाच्या बाटलीवर सूचना चालते, तर इथे का नको?

शिक्षकांना एक विनंती आहे. हा विषय 'फायदे व तोटे' अशा दोन रकान्यांत मुलांना लिहून देऊ नका. तांबे चांगले की वाईट या प्रश्नाला उत्तरच नाही. कोणता पदार्थ, किती वेळ, किती मिलिग्रॅम आणि कुणाच्या पोटात, असे विचारले की उत्तर मिळते. आणि प्रयोग करा. बोरहून परतल्यावर आम्ही केला तो सांगतो.

तांब्याच्या तीन सारख्या वाट्या घेतल्या. एकीत साधे पाणी, दुसरीत लिंबू पिळलेले पाणी, तिसरीत तापवून निववलेले दूध. पहिल्या दोन रात्रभर झाकून ठेवल्या, दूध सकाळी घालून चारच तास. मग पाणी आणि लिंबाचे पाणी गाळून दोन परीक्षानळ्यांत घेतले, दोन्हींत अमोनियाचे द्रावण वास टिकेपर्यंत थेंबाथेंबाने घातले आणि पांढऱ्या कागदावर नळ्या उभ्या धरून वरून पाहिले. (खिडक्या उघड्या ठेवा, आणि यातले काहीही चाखू नका.) लिंबाच्या पाण्याला स्वच्छ निळी छटा आली. पाण्याच्या नळीत काही दिसले नाही. त्यातही तांबे असणारच, पण आमच्या डोळ्यांना दिसण्याइतके नव्हते. दुधाला ही कसोटी लागू पडत नाही, म्हणून ते तसेच वाटीत होते, पांढरे आणि ताजे. त्या दिवशी बसमध्ये प्रश्न विचारणाऱ्या मुलीने वाटी उचलून डोळ्यांजवळ नेली, वास घेतला आणि म्हणाली, "सर, यात तर काहीच कळत नाही."

मग आम्ही तिन्ही वाट्या ओतून दिल्या.